रकाना सातवा

नवापुऱ्यात मोहित्यांच्या गिरणीत
सगळ्यावर पीठ बसलेलं असतं.
स्विचवर, मीटरच्या काचेवर,
कॅलेंडरातल्या एकादश्यांवरसुद्धा.
मी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.
मेगर फिरवला, अर्थिंग मोजलं,
मोटरच्या केबलची जाडी दोनदा पाहिली.
धवल फॉर्म भरत होता, मी सांगत होतो.
सहा रकाने सरळ गेले.

सातवा: मुख्य पुरवठा फ्यूज. प्रकार. क्षमता.

पेटी दाराच्या वर, काळी, बीडाची.
तिच्या कडीतून पिळाची तार,
तारेला शिशाची गोळी,
गोळीवर वीज कंपनीचा अर्धा झिजलेला ठसा.
मीटरच्या अलीकडचं माझं, पलीकडचं कंपनीचं.
गोळी तोडायचा मला हक्क नाही.
रकाना मात्र माझ्याच फॉर्मवर.

"साठ लखी नाखो ने, काका," धवल म्हणाला,
"गये वखते पण साठ ज हतुं."
गेल्या वेळी पण. त्याच्या आधी?

कुमुदिनीबाईंनी गल्ल्याखालून पिशवी काढली,
साडीच्या दुकानाची, बंद तुटलेली.
त्यात एकावर एक सर्टिफिकिटं,
प्रत्येकाच्या घडीत थोडं पीठ.
पाठक: साठ.
रबरी शिक्क्याचे वाघेला: साठ.
एक सही वाचताच आली नाही, त्याचेही साठ.
मी एकेक उचलत गेलो
कुणाचं तरी पाहून कुणीतरी
कुणाचं पाहून,
तळाशी एक पिवळा कागद
कडेला झुरळानं कुरतडलेला.
त्यावरच्या सहाला लांब शेपूट,
शून्याच्या पोटाखालून ओढत नेलेली.
शाळेत हातावर छड्या खाऊनही
ही शेपूट माझी सुटली नव्हती.

तो दिवस आठवला. पूर्ण नाही.
दिवाळीला दोन दिवस होते, अंधारत आलं होतं,
भाजणीच्या डब्यांची रांग रस्त्यापर्यंत,
आणि हिचे सासरे म्हणत होते, साहेब, लवकर.
पेटी तेव्हाही हीच. गोळी तेव्हाही होती.
शेजारच्या छापखान्यात मी सकाळी साठ पाहिले होते.
इथेही तेवढेच असणार.
असणार, असं मी लिहिलं नाही.
साठ लिहिलं.

धवलच्या हातून पेन घेतलं.
सातव्यात लिहिलं: सील आहे. पाहिलेलं नाही.
रकाना आकड्यासाठी आखलेला,
शब्द बाहेर आले, आठव्यात घुसले.

कुमुदिनीबाई पदरानं हात पुसत वाकल्या.
त्यांना वाचता येतं, सावकाश.
"पाहिलेलं नाही? मग इतकी वर्षं हे साठ साठ
लिहिलेलं काय होतं?"
"माझं अक्षर," मी म्हणालो.
धवलला वाटलं मी गंमत करतोय.

त्या हसल्या नाहीत.
"ऑफिसातला कारकून हा कागद परत करेल."
करेल.
"आणि त्या पेटीत आहे काय?"
ठाऊक नाही. बरोबर तार असेल,
कुणी घाईत दुपदरी पिळून भरलेली असेल,
कदाचित साठच असेल. तेही मला चालणार नाही,
म्हणजे चालेल,
पण ते माझं खरं ठरणार नाही.

कंपनीत फोन लावला. लाइनमन सोळंकी
गुरुवारी येतो म्हणाला. आज सोमवार.

बाहेर एका बाईनं डबा वाजवला.
"गिरणी चालवू का नको?"
एवढंच विचारलं कुमुदिनीबाईंनी,
आणि याला फॉर्मवर रकाना नव्हता.
मी पेटीकडे पाहिलं, मोटरीकडे, रांगेकडे.
म्हणालो, एकच जातं चालवा. मसाल्याचं बंद ठेवा.
हे लिहून देता का?
दिलं. खाली, सहीच्या वर, तारीख घालून.

पट्टा ओढला गेला, जातं धरलं,
पिशवीवर, कागदांवर, ओल्या शाईवर
पीठ पुन्हा बसू लागलं.
मी फुंकर घातली.